ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावर लाकडी पट्ट्या पक्क्या कशा बसवायच्या

लोखंडी पाइपावर थेट प्लाय मारला तर काय बिघडतं, हे ट्रेलरचं काम घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. प्रश्न रास्त आहे. एक थर वाचतो, वजन वाचतं, मजुरी वाचते. तरी पाइप आणि प्लायच्या मध्ये लाकडी पट्टी घातल्याशिवाय मी काम घेत नाही, आणि का घेत नाही ते आधी सांगतो.

कराडजवळ हायवेला लागून आमची शेड आहे. घराणं सुताराचं, हात बसला तो दारं, कपाटं आणि किचनवर. सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानंतर गाडीमागे ओढायच्या राहण्याच्या ट्रेलरची विचारणा आमच्याकडे वाढत गेली. बाहेरचा सांगाडा आणि पत्रा वेल्डरकाका करतात, आतलं सगळं माझ्याकडे. आमचे ट्रेलर दोन टोकांच्या हवेत फिरतात. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे गेले की दमट, खारी हवा, आणि वर महाबळेश्वरला गेले की डिसेंबरात पहाटेची कडाक्याची थंडी. लोखंड उष्णता लाकडाच्या शेकडो पटींनी पुढे नेतं. बाहेर थंडी, आत चार माणसं श्वास घेताहेत, शेगडीवर चहा उकळतोय, अशा वेळी आतली वाफ नेमकी पाइपावर जाऊन पाणी होते. प्लाय थेट त्या पाइपाला टेकलेला असेल तर आतल्या सनमायकावर पाइपाच्या ओळीत ओलसर पट्टे उमटतात आणि पुढे तिथेच बुरशी धरते. मध्ये पाऊण इंच लाकूड आलं की ही वाट बऱ्यापैकी तुटते. शिवाय पट्टीमुळे इन्सुलेशनला जागा मिळते, वायरिंगला जागा मिळते, आणि पुढे प्लायचा तुकडा काढून बदलायचा झाला तर साधा लाकडाचा स्क्रू उघडला की काम होतं. पातळ लोखंडात तोच स्क्रू चार वेळा काढला-घातला तर भोक ढिलं पडतं.

पट्टी लावायची हे ठरलं. आता ती अशी लावायची की घाटातल्या खड्ड्यांनी, उन्हाने आणि पावसाने ढिली पडणार नाही. यातली कळ एकच आहे, ती आत्ताच सांगून टाकतो: स्क्रूचे आटे फक्त लोखंडात बसले पाहिजेत, लाकडात नाही. लाकूड स्क्रूच्या डोक्याखाली दाबलं गेलं पाहिजे. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी लोखंड बघा

हातात कुठला पाइप आहे हे कळल्याशिवाय स्क्रू विकत घेऊ नका. आमच्याकडे भिंतीचे उभे पाइप साधारण ४० बाय २० मिमीचे असतात, १६ गेजचे, म्हणजे १.६ मिमी जाडीचे. हलक्या ट्रेलरला काही जण १८ गेज वापरतात, तो १.२ मिमी. चासीचे पाइप किंवा चॅनेल ३ मिमी आणि त्याहून जाड. तयार ट्रेलर विकत घेतला असेल तर कुठेतरी पाइपाचं उघडं तोंड शोधा आणि व्हर्नियर लावा. तेही सापडलं नाही तर नको असलेल्या जागी ३ मिमीचं एक भोक पाडा आणि वाकवलेल्या तारेने जाडी मोजा.

दुसरं, पाइपाची कुठली बाजू आत आहे ते पाहा. आम्ही ४० ची रुंद बाजू आत ठेवतो, म्हणजे पट्टीला टेकायला भरपूर जागा मिळते. पण मग पाइपाची खोली २० मिमीच उरते, आणि त्याच्या मागे लगेच बाहेरचा पत्रा असतो. लांब स्क्रू घातला तर तो पाइपाची मागची भिंत आणि पत्रा फोडून बाहेर येतो. नवीन रंगवलेल्या ट्रेलरच्या बाहेर स्क्रूचं टोक दिसलं की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं, आणि ते भोक किती भरलं तरी पावसाळ्यात पुन्हा उघडं पडायची भीती राहते. म्हणून लांबीचा हिशोब मी खाली नीट मांडून देणार आहे.

वेल्डिंगची सगळी कामं लाकूड आत यायच्या आधी संपलेली हवीत. एखादी ब्रॅकेट राहिली असेल तर ती आत्ताच लावून घ्या. फोम आणि लाकूड लागल्यावर आत ठिणगी नेणं म्हणजे आग लावण्याची तयारी. वेल्डच्या जागेवरचा मळ वायर ब्रशने काढा, रेडऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर द्या, आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप असेल तर वेल्डने जस्त जिथे जळलं तिथे झिंक स्प्रे मारा. पट्टीखाली झाकला गेलेला गंज बाहेरून दिसत नाही, म्हणून हे काम मी मदतनिसावर सोडत नाही, स्वतः बॅटरी घेऊन प्रत्येक सांधा बघतो.

लाकूड

मी पाइन वापरतो. दोन इंच रुंद, रंधा मारून १८ मिमी जाड. मीटरला अर्ध्या किलोच्या आसपास वजन पडतं. सागवान आवडणारे ग्राहक पट्ट्याही सागाच्या मागतात, पण झाकून जाणाऱ्या जागी सागाचे पैसे घालण्यात अर्थ नाही आणि तो जडही पडतो. ट्रेलरचं प्रत्येक किलो पुढच्या गाडीला ओढायचं असतं. १८ मिमीचा चांगला बीडब्ल्यूपी (पाण्यात न सुटणारा) प्लाय फाडून केलेल्या पट्ट्याही उत्तम चालतात. त्या चिरत नाहीत, पीळ धरत नाहीत. फक्त त्यांच्या कडेत स्क्रू घालायची वेळ येऊ देऊ नका, तिथे थर सुटतात.

पाइन घेताना एकेक पट्टी डोळ्यासमोर धरून लांबीत बघा. पिळलेली बाजूला काढा. धनुष्यासारखी एका बाजूला किंचित वाकलेली चालते, ती स्क्रूने सरळ होते, पिळलेली मात्र कधीच बसत नाही. गाठ असेल तर ती पाइपावर येणार नाही अशी कापा, कारण गाठीत भोक पाडलं की तिथेच चीर जाते. ओलावा मीटरने बघा, १२ टक्क्यांच्या आत असेल तर घ्या. पावसाळ्यात वखारीतून आणलेलं लाकूड शेडमध्ये खाली फाचरी देऊन, हवा खेळेल असं रचून ठेवा आणि मीटरचा आकडा खाली आल्यावरच हात लावा. ओलं लाकूड दाबून बसवलं की नंतर वाळताना बारीक होतं आणि स्क्रूचं डोकं वर राहतं. तीच ती खडखड, जी दोन महिन्यांनी ऐकू येते आणि कुठून येते ते कुणाला सापडत नाही.

एक सावधगिरी. बाजारात हिरवट छटेचं, तांब्याच्या क्षारांनी मुरवलेलं पाइन मिळतं. वाळवीसाठी ते चांगलं, पण ओल आली की ते जस्ताचा मुलामा खातं आणि ॲल्युमिनियमलाही खातं. ॲल्युमिनियमचा सांगाडा असेल तर ते आत आणूच नका. लोखंडावर लावायचंच असेल तर साध्या पिवळ्या-पांढऱ्या जस्ताच्या स्क्रूऐवजी स्टेनलेसचे घ्या. मी साध्या पाइनला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी पाजतो, पूर्ण वाळू देतो आणि मग चारही बाजूंनी प्रायमरचा एक हात मारतो. कापलेल्या टोकांना दोन हात, कारण लाकूड पाणी पितं ते टोकातून.

मांडणी

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. उभे पाइप मध्यापासून मध्यापर्यंत ६१० किंवा ४०६ मिमीवर असतील तर शीटची कड नेमकी पाइपावर येते. वेल्डरकाकांना मी हे सांगाडा घालायच्या आधीच सांगून ठेवतो. पूर्वी ते अंदाजे दोन फूट धरायचे. ‘‘काका, एवढं सहाशे दहावर घ्या की,’’ म्हटलं की म्हणायचे, ‘‘चालतंय रे, एक इंचानं काय हुतंय?’’ होतं असं की प्रत्येक शीटला कड पकडायला एक जादा पट्टी घालावी लागते. आता ते स्वतः टेप धरून खूण करतात.

तुमचा सांगाडा आधीच झालेला असेल आणि अंतरं वेडीवाकडी असतील तर पट्ट्या आडव्या लावा. आडवी पट्टी कुठल्याही अंतराचे उभे पाइप ओलांडून जाते, आणि शीटचा जोड कुठे घ्यायचा ते तुमच्या हातात राहतं. भिंतीवर मी खालून अशा घेतो: फरशीला लागून एक, बैठकीच्या उंचीवर एक, ओट्याच्या उंचीवर एक, वरच्या कपाटाच्या खालच्या कडेला एक, आणि छताला लागून एक. मध्ये दोन फुटांहून मोठी जागा उरली तर आणखी एक. खिडकी आणि दाराच्या भोवती चारही बाजूंनी पट्टी हवीच, आणि खिडकीची फ्रेम कसली जाते तिथे दुहेरी.

याच वेळी वायरिंगवाल्याला बोलवा. वायर कुठल्या पाइपातून जाते ते खडूने पाइपावर लिहून घ्या आणि त्या पाइपात शक्यतो स्क्रू घालू नका. घालावाच लागला तर वायर नंतर ओढा. पाइपाच्या भोकातून वायर निघते तिथे रबरी ग्रॉमेट हवा, नाहीतर घाटातल्या हादऱ्यांनी लोखंडाची कड वायरवरचं आवरण कापते.

सगळ्या पट्ट्या कापून झाल्या की क्लॅम्पने जागेवर धरून बघा आणि मागच्या बाजूला नंबर टाका. डावी भिंत खालून पहिली असेल तर डा-१, असं.

वेल्ड झालेला सांगाडा सरळ नसतो

हे मान्य करूनच काम सुरू करा. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो, एखादा तीन-चार मिमी आत येतो, एखादा बाहेर जातो. भिंतीच्या दोन टोकांच्या पाइपांवर १० मिमीचे सारखे ठोकळे चिकटवा आणि त्यांच्यावरून लाइनदोरी ताणून बांधा. आता मधल्या प्रत्येक पाइपापासून दोरीपर्यंतचं अंतर मोजून पाइपावरच लिहा. कुठे १०, कुठे १२, कुठे ७.

१२ असेल तिथे पट्टीखाली २ मिमीचं पॅकिंग लागेल. त्यासाठी सनमायकाच्या कात्रणासारखं दुसरं काही नाही. १ मिमीचा तुकडा, दाबला जात नाही, कुजत नाही, आणि सुताराच्या शेडमध्ये ढिगाने पडलेला असतो. पुठ्ठा किंवा उरलेला फोम पॅकिंगला घालू नका, ते दाबले जातात आणि स्क्रू ढिला होतो. ७ असेल, म्हणजे पाइपच आत आलेला असेल, तर तिथे पट्टीची पाठ पटाशीने ३ मिमी खोल करून घ्या. चार इंच रुंदीची उथळ खाच पुरते. एखाद्या मिमीचा फरक असेल तर मी सोडून देतो, ६ मिमीचा प्लाय तेवढं सामावून घेतो.

पाइप आणि पट्टीच्या मध्ये मी चिकट पाठीची काळी नायट्रिल फोमची किंवा ईपीडीएम रबराची ३ मिमी पट्टी लावतो. ती उष्णतेची वाट आणखी तोडते आणि लाकूड-लोखंड घासून येणारा कुरकुर आवाज बंद करते. पॅकिंगच्या जागी मात्र आधी सनमायका, मग रबर. ईपीडीएम मी जास्त पसंत करतो, कारण तो दाबला गेला तरी बसका होत नाही. स्क्रू आवळल्यावर त्याची जाडी साधारण २ मिमी उरते, हिशोबात तीच धरा.

भोक आणि स्क्रू

आता मुख्य काम. इथे मी घाई करत नाही आणि तुम्हीही करू नका.

लोखंड फोडत जाणारा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घेतला आणि लाकडावरून थेट मशिन चालवलं, तर आत काय होतं ते बघा. स्क्रू लाकडात पटकन शिरतो, आटे लाकूड पकडतात. मग टोक लोखंडाला लागतं. लोखंडात टोक हळूहळू भोक पाडत असतं, स्क्रू पुढे सरकत नाही, पण फिरत तर असतो. फिरणारे आटे लाकडाला नटासारखं वर उचलतात, डोक्याच्या दिशेने. पट्टी पाइपापासून दोन-तीन मिमी सुटते. तेवढ्यात लोखंड फुटतं, आटे लोखंडातही धरतात, आणि आता लाकूड आणि लोखंड दोन्ही एकाच आट्यात अडकलेले असतात. यापुढे कितीही आवळलं तरी ती फट मिटत नाही, कारण दोघं सारख्याच वेगाने पुढे सरकतात. हाताने दाबून बघितलं तर पट्टी घट्ट वाटते, पण पाइप आणि पट्टीच्या मध्ये सनमायकाचा तुकडा सहज आत जातो.

याला बाजारात एक उपाय मिळतो, पंखवाला स्क्रू. त्याच्या टोकाच्या मागे दोन छोटे पंख असतात, ते लाकडात मोठं भोक पाडतात आणि लोखंडाला लागताच तुटून पडतात. चासीच्या ३ मिमी आणि जाड लोखंडावर, म्हणजे फरशीच्या कामाला, हा स्क्रू फार छान. पण भिंतीच्या १.६ किंवा १.२ मिमी पाइपावर तो वापरू नका. पातळ लोखंडात पंख तुटायला पुरेसा विरोध मिळत नाही, ते तसेच आत जातात आणि लोखंडाचंही भोक मोठं करतात. मग आट्यांना धरायला काही उरत नाही.

म्हणून भिंतीसाठी साधा रस्ता. पट्टीत आधी मोकळं भोक पाडायचं. मी आठ नंबरचा सीएसके, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या डोक्याचा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वापरतो, त्याची जाडी ४.२ मिमी. पट्टीत भोक ५ मिमीचं. स्क्रू बोटाने सोडला तर त्या भोकातून आपल्या वजनाने खाली घसरला पाहिजे, अडकता कामा नये. ही एवढी परीक्षा प्रत्येक भोकाला नाही, पण बिट बदलल्यावर पहिल्या भोकाला जरूर करा. मग डोक्यासाठी काउंटरसिंक, म्हणजे भोकाच्या तोंडाशी निमुळता खळगा, डोकं पट्टीच्या पृष्ठभागाशी सपाट बसेल इतकंच. जास्त खोल केलं तर १८ मिमीच्या पट्टीत दाबायला लाकूडच उरत नाही.

५ मिमीच का, याला आणखी एक कारण आहे. उन्हात तापलेली भिंत आणि पहाटेची भिंत यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. आठ फूट लोखंड तेवढ्यात १.२ मिमीच्या आसपास वाढतं, लाकूड लांबीच्या दिशेने अर्धा मिमीही वाढत नाही. मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे हा फरक वाटला गेला की टोकाला साधारण ०.४ मिमी येतो, आणि ५ च्या भोकात ४.२ चा स्क्रू म्हणजे चहूबाजूंनी तेवढीच मोकळीक. ॲल्युमिनियमचा सांगाडा असेल तर तो जवळजवळ दुप्पट वाढतो. तिथे भोक ६ मिमीचं ठेवा आणि सीएसकेऐवजी पसरट डोक्याचा स्क्रू वॉशरसकट घ्या, म्हणजे पट्टीला सरकायला वाव राहतो.

लांबीचा हिशोब: पट्टी १८, दाबलेलं रबर २, मिळून २०. सव्वा इंची, म्हणजे ३२ मिमी स्क्रू घेतला तर पाइपाच्या पृष्ठभागापुढे १२ मिमी जातो. त्यातले १.६ मिमी पाइपाची भिंत. आत १०.४ मिमी. २० मिमी खोलीच्या पाइपात आतली मोकळी जागा १६.८ मिमी. म्हणजे मागच्या भिंतीपासून सहा मिमी सुरक्षित अंतर. आता हाच दीड इंची, ३८ मिमीचा घेतला तर आत १६.४ मिमी जातो, मागच्या भिंतीला टेकतोच म्हणा. दुकानदार सव्वा इंची नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. आणि ही लांबी सीएसकेची, डोक्यासकट मोजलेली. पसरट डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात, तेव्हा गल्लत करू नका. पॅकिंग जिथे जाड आहे तिथे स्क्रू तेवढाच मोठा.

काळे जिप्समचे स्क्रू ट्रेलरमध्ये आणूच नका. आपल्याकडे सगळ्या सुतारकामाला तेच वापरायची सवय आहे, स्वस्त आणि हाताशी असतात म्हणून. पण ते कडक आणि ठिसूळ असतात. घरातल्या भिंतीत ते निभावतात कारण भिंत हलत नाही. ट्रेलरमध्ये सतत हादरे, तिथे त्यांची मान तुटते. आणि त्यांच्यावरचा काळा लेप कोकणच्या हवेत फार दिवस टिकत नाही. कोकणात राहणाऱ्या ट्रेलरला मी ४१० ग्रेडचे स्टेनलेस सेल्फ ड्रिलिंग घेतो. ३०४ गंजाला जास्त चांगलं, पण मऊ, त्याचं टोक लोखंड फोडू शकत नाही. ३०४ हवाच असेल तर लोखंडात ३.३ मिमीचं भोक आधी पाडा आणि साधा पत्र्याचा स्क्रू घाला.

प्रत्यक्ष स्क्रू घालताना पट्टी क्लॅम्पने पाइपाला दाबून धरा. हाताने नव्हे. मधला स्क्रू आधी, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, टोकं शेवटी. पाइपाच्या मध्यरेषेवर खूण करा. पाइपाला कोपऱ्यात गोलाई असते, तिथे टोक घसरतं. सेंटर पंचाने एक ठोका दिला की टोक जागेवर थांबतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर नको, त्याचे झटके पातळ लोखंडातले आटे क्षणात खाऊन टाकतात. साधं ड्रिल, क्लच असलेलं, मध्यम वेगावर. आधी कर्र आवाज येतो, बारीक चमकता कीस भोकातून बाहेर पडतो. मग आवाज एकदम उतरतो, मशिन थोडं पुढे ओढल्यासारखं होतं. लोखंड फुटलं, आटे धरले. इथेच बोट ढिलं करा आणि वेग कमी करा. शेवटचे दोन-तीन फेरे सावकाश, डोकं सपाट बसेपर्यंत आणि रबर कडेने किंचित फुगेपर्यंत. क्लच कटकटला की थांबा.

एखादा स्क्रू फिरतच राहिला तर आटे गेले. तो काढा, त्याच भोकात दहा नंबरचा, ४.८ मिमीचा स्क्रू घाला, पट्टीचं भोक साडेपाचचं करून. तोही फिरला तर एक इंच बाजूला नवीन भोक.

आडव्या पट्टीला प्रत्येक पाइपावर दोन स्क्रू द्या, एकाच्या वर एक, कडेपासून किमान १२ मिमी आत. एकच दिला तर पट्टी त्याच्याभोवती झुलते. उभ्या पट्टीला पाइपाच्या लांबीत दर २५० मिमीला एक. पट्टीच्या टोकापासून पहिला स्क्रू ४० मिमी आत, त्याहून जवळ गेलात तर पाइन चिरतं.

दिवसाच्या शेवटी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पाइपांवरून आणि फरशीवरून फिरवा. राहिलेला कीस पहिल्या पावसाळ्यात गंजतो आणि त्याचे तांबडे डाग लाकडात उतरतात.

पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट पट्टी चिकटवायला वापरावं का, असं बरेच जण विचारतात. मी भिंतीच्या पट्ट्यांना वापरत नाही, कारण पुढे दुरुस्तीला पट्टी निघाली पाहिजे. छताला मात्र वापरतो.

छत

छत सगळ्यात जास्त तापतं, सगळ्यात जास्त हलतं, आणि तिथे सगळं वजन स्क्रूला खाली ओढत असतं. म्हणून स्क्रूंमधलं अंतर २०० मिमीवर आणा आणि पट्टीखाली रबराच्या दोन्ही बाजूंना पीयूची बारीक धार द्या. छताला गोलाई असेल तर १८ मिमीची पट्टी जबरदस्तीने वाकवू नका. ६ मिमीच्या प्लायच्या तीन पट्ट्या एकावर एक, मध्ये गोंद लावून, छताच्या पाइपाला क्लॅम्पने बांधून ठेवा. रात्रभर वाळल्या की त्या गोलाईतच राहतात. काढून कडा घासा, भोकं पाडा, मग स्क्रू घाला. छताचा पाइप बहुतेकदा भिंतीपेक्षा बारीक असतो, तेव्हा लांबीचा हिशोब इथे पुन्हा करा.

जड सामान

वरची कपाटं, घडीचा पलंग, गॅस सिलिंडरचा पट्टा, पाण्याची टाकी, यांचा भार पट्टीच्या लाकडावर किंवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रूवर टाकायचा नाही. १.६ मिमी लोखंडात आट्याचे दीड फेरेसुद्धा बसत नाहीत, हे लक्षात ठेवा. तिथे पाइपात रिव्हेट नट बसवा, म्हणजे एका बाजूनेच भोकात घालून चेपून बसवायचा, आत आटे असलेला नट. एम-६ च्या नटाला साधारण ९ मिमीचं भोक लागतं, पण नट घेताना त्याचा पाइपाच्या जाडीशी मेळ पाकिटावर बघून घ्या. नट पट्टी लावायच्या आधी बसवायचा, पट्टीत त्याच जागी ७ मिमीचं भोक पाडायचं आणि बोल्ट कपाटाच्या पाठीतून, पट्टीतून, थेट पाइपात. बोल्टखाली मोठा वॉशर आणि स्प्रिंग वॉशर. त्यासाठी कपाटाची मापं पट्टीच्या आधी ठरलेली हवीत. ग्राहक ‘नंतर बघू’ म्हणाला तरी मी त्याला बसवून कागदावर उंची लिहून घेतो. पट्टी लागल्यावर रिव्हेट नट बसवायला जाणं म्हणजे केलेलं काम उलगडणं.

प्लाय लावायच्या आधी

सगळ्या पट्ट्या लागल्या की प्रत्येक जोडाशी सनमायकाचा तुकडा घालून बघा. शिरला तर तिथला स्क्रू काढा, पट्टीचं भोक मोकळं आहे का ते बघा, क्लॅम्प लावा, पुन्हा घाला. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर येणारी एक रेष मार्करने ओढा आणि ट्रेलर रिकामाच रस्त्यावर काढा. आम्ही मसूरकडच्या रस्त्याने नेऊन आणतो, गतिरोधक भरपूर आहेत. परत आल्यावर रेषा बघायच्या. एखादी तुटलेली दिसली, म्हणजे स्क्रू फिरला, तर तेवढाच बघून घ्या. प्लाय लागल्यावर हे कधीच दिसणार नाही.

मग पट्ट्यांच्या मध्ये इन्सुलेशन भरा, आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप पसरून, खालून आणि कोपऱ्यापासूनची मापं दिसतील असा. वायर आणि रिव्हेट नटही त्यात आले पाहिजेत. ६ मिमीच्या प्लायला सहा नंबरचा पाऊण इंची स्क्रू घ्या. तो १३ मिमी लाकडात जातो आणि लोखंडापर्यंत पोचत नाही. फोटोंची एक प्रत ट्रेलरच्या कागदपत्रांबरोबर मालकाला द्या. पुढे त्याला आत एखादी खुंटी जरी लावायची झाली तरी कुठे लाकूड आहे आणि कुठे वायर, हे त्याला त्यावरून कळेल.